ठेका आणि जमाव



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत नाना विषय मांडले आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर, सभेच्या आधी आणि मोर्चाच्या नंतर, हाती लागेल ते पुस्तक वाचून झाले. असा मनुष्य विलायतेतल्या नाचाच्या संगीतावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. चालकांनाही आले होते. त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषयाचे नाव मी ‘ठेका आणि जमाव’ असे दिले आहे. आमच्या चळवळीत ठेका म्हटला की आधी ठेकेदार आठवतो, तबला मागाहून. पण आज मी तबल्याच्या अर्थानेच हा शब्द वापरणार आहे.

या विषयाकडे मी संगीताच्या वाटेने आलो नाही, कायद्याच्या वाटेने आलो. काही वर्षांपूर्वी युनियनच्या कार्यकर्त्यांसाठी मी जमावबंदीच्या कायद्यांचे एक टिपण करीत होतो. निरनिराळ्या देशांतले कायदे ‘जमाव’ कशाला म्हणतात, ते ताडून पाहावे असा हेतू होता. ब्रिटनच्या १९९४ सालच्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याचे ६३ वे कलम वाचताना मी थबकलो. रात्री उघड्यावर भरणाऱ्या काही मेळाव्यांना बंदी घालणारे ते कलम. त्यात ‘संगीत’ या शब्दाचा खुलासा केला आहे, आणि त्याचा आशय असा की, ज्या आवाजात सर्वस्वी किंवा मुख्यत्वे एकामागून एक तेच ते ठेके पडत राहतात, तो आवाजही संगीत समजावा. लाठी, घोषणा, मिरवणूक, पाच माणसे, वीस माणसे, हे सारे मी कायद्यांत वाचले होते. ठेका कधी वाचला नव्हता. ज्या देशाला आपल्या पार्लमेंटचा एवढा अभिमान, त्या पार्लमेंटला ठेक्याची भीती का वाटावी? त्याचा शोध घेता घेता मी दोन भावांपाशी येऊन पोहोचलो. त्यांच्या जोडीचे नाव ऑर्बिटल.

लंडनच्या आग्नेयेस केंट नावाचा परगणा आहे. तेथल्या सेव्हनओक्स या गावचे हे भाऊ. थोरला फिल हार्टनॉल, जन्म १९६४. धाकटा पॉल, जन्म १९६८. फिल गवंडीकाम करीत असे, पॉल गावातल्या एका वाद्यवृंदात वाजवीत असे. १९८७ च्या सुमारास दोघांनी घरातच किरकोळ किमतीची यंत्रे जमवून आवाज जोडायला सुरुवात केली. संगीताच्या विद्यालयाचा उंबरठा यांनी ओलांडलेला नव्हता. एवढ्यावरूनच माझे त्यांच्याकडे लक्ष ओढले गेले, हे मी कबूल करतो. स्वतः शिकलेल्या माणसाला स्वतः शिकलेला माणूस लांबून ओळखू येतो.

त्यांच्या नावाचा अर्थ समजण्यासाठी एका रस्त्याची माहिती घ्यावी लागते. लंडनभोवती वेढा घालणारा एम २५ नावाचा राजमार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला. लांबी ११७ मैल. त्याला लंडन ऑर्बिटल, म्हणजे लंडनचा परिभ्रमण-मार्ग, म्हणतात. १९८९ च्या उन्हाळ्यात या रस्त्याच्या आसपासची शेते, ओसाड गोदामे आणि विमानांची रिकामी छपरे यांत रात्रभर नाचाचे मेळावे भरू लागले. हजारो तरुण येत. जागा कोठे ते आधी कोणालाच ठाऊक नसे. एका दूरध्वनी क्रमांकावर ऐन वेळी ठिकाण सांगितले जाई, आणि मग मोटारींच्या रांगा त्या वेढ्यावरून फिरत फिरत तेथे पोहोचत. पोलीस एका बाजूने, पोरे दुसऱ्या बाजूने. भावांनी आपल्या जोडीला त्या रस्त्याचेच नाव दिले.

या रस्त्याला मात्र आणखी एक इतिहास आहे, आणि तो नाचाचा नाही. पूर्वेकडे टेम्स नदीखालून डार्टफर्डचा बोगदा जातो, आणि एम २५ चा फेरा तेथेच पुरा होतो. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या खाण कामगारांचा तो मोठा संप सुरू झाला, जो पुढे वर्षभर चालला. केंटमध्येही कोळशाच्या खाणी होत्या. तेथले संपकरी उत्तरेकडे नॉटिंगहॅमशरच्या खाणींवर निरोधनाला निघाले, तेव्हा पोलिसांनी त्यांना या बोगद्यापाशीच अडवले; परत फिरा, नाही तर अटक करू, असे सांगितले. ज्या खाणींवर ते निघाले होते त्या तेथून शंभराहून अधिक मैल दूर! माणूस गुन्हा करण्याच्या जागी पोहोचलेला नाही, पोहोचायला अजून दोन-तीन तास आहेत, आणि त्याला वाटेतच परतवले जात आहे. ही गोष्ट आपण मनात ठेवावी. मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

आता यंत्रांविषयी. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन यंत्रे बाजारात आणली. एक टीबी-३०३, ते खर्जाचे स्वर वाजवी. दुसरे टीआर-९०९, ते ढोल आणि झांजेचा ठेका धरी. एकट्या गिटारवाल्याला घरी बसून सराव करता यावा, साथीला माणूस लागू नये, असा खर्जाच्या यंत्राचा हेतू होता. पण त्यातून निघणारा आवाज खऱ्या वाद्यासारखा मुळीच नव्हता. दोन्ही यंत्रे बाजारात आपटली, १९८४ पर्यंत दोहोंचे उत्पादन बंद झाले, आणि ती जुन्या मालाच्या दुकानांत पडेल भावाने मिळू लागली. ज्यांच्या खिशात नवे वाद्य घेण्याइतके पैसे नव्हते, अशा पोरांनी ती उचलली. अमेरिकेत शिकागोच्या काळ्या तरुणांनी खर्जाच्या यंत्राच्या कळा नको तशा पिळून एक चिरकणारा, वळवळणारा आवाज काढला. १९८७ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. डेट्रॉइट या मोटार कारखान्यांच्या शहराच्या परिसरातही तशाच तरुणांनी यंत्रांचे संगीत घडवले. शिकागो म्हटले की आम्हा कामगारांना १८८६ चा मे महिना आठवतो. शंभर वर्षांनी त्याच शहरातून एक ठेका निघाला आणि समुद्र ओलांडून इंग्लंडात पोहोचला.

येथे मुंबईची एक आठवण सांगितलीच पाहिजे. १९८२ मध्ये चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने मुंबईत याच खर्जाच्या यंत्रावर आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका ठेक्याच्या यंत्रावर दहा राग बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्याकडे कोणी फिरकले नाही. पुढे २०१० मध्ये युरोपात ती पुन्हा निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले, कारण शिकागोचा तो आवाज येथे पाच वर्षे आधीच उमटला होता. २०१५ मध्ये चरणजित सिंग वारले. १९८२ हे साल मुंबईत कोणत्या कारणाने लक्षात राहिले, ते या सभेत सांगायला नको. गिरण्यांचे भोंगे थांबले त्याच वर्षी हे यंत्र त्याच शहरात वाजत होते आणि कोणालाच ऐकू आले नाही. आवाज आधी निघाला म्हणजे चळवळ आधी होते असे नाही. त्याला जमाव लागतो. शिकागोला तो मिळाला, लंडनच्या वेढ्यावर तो मिळाला.

हार्टनॉल बंधूंची पहिली प्रसिद्ध रचना ‘चाइम’. चाइम म्हणजे घंटांचा किणकिणाट. १९८९ मध्ये पॉलने ती घरीच, काही तासांत, वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर साध्या ध्वनिफितीत भरली. तिच्यातले काही स्वरांचे तुकडे वडिलांच्याच जुन्या ध्वनिमुद्रिकांतून उचलले होते. डिसेंबर १९८९ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने ती बाजारात आणली. मग मोठ्या कंपनीने उचलली, आणि मार्च १९९० मध्ये ती ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १७ व्या क्रमांकावर चढली. ज्या ध्वनिमुद्रणाला मोठमोठ्या दालनांत हजारो पौंड लागत, ते बापाच्या टेपरेकॉर्डरवर झाले. छापखाना स्वस्त झाला तेव्हा पत्रके काढणाऱ्या कार्यकर्त्यांना जे वाटले असेल, तेच या पोरांना वाटले असणार.

या यशामुळे त्यांना बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमाचे बोलावणे आले. सारा देश तो पाहत असे. तेथे ध्वनिमुद्रिका वाजवीत आणि कलावंत तिच्यावर वाजवल्याची नक्कल करीत. हे दोघे भाऊ आपल्या यंत्रांमागे उभे राहिले. अंगात सदरे होते, आणि त्यांवर डोईपट्टीचा निषेध होता.

ही डोईपट्टी काय होती? थॅचरबाईंच्या सरकारने घरपट्टी रद्द करून दर प्रौढ माणशी सारखा कर बसवला. स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून, इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल १९९० पासून. एकाच गावात वाड्यात राहणाऱ्या सरदाराला जेवढी पट्टी, तेवढीच त्याच्या दाराशी झाडू मारणाऱ्याला. सवलती होत्या, पण मूळ तत्त्व हे. लाखो लोकांनी ती भरण्याचे नाकारले. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात प्रचंड निदर्शन झाले आणि दंगल पेटली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात थॅचरबाई पायउतार झाल्या; त्यांच्या पतनाच्या कारणांत ही पट्टी एक मानली जाते. १९९३ मध्ये ती रद्द झाली. हे सारे त्या दोन सदऱ्यांनी घडवले असे मी म्हणणार नाही. मोर्चात शेवटच्या रांगेत चालणाऱ्या माणसाचे जे काम, तेच त्यांचे. तो एकटा काही करीत नाही; पण तो आला नाही तर मोर्चा होत नाही.

आता एका अवघड प्रश्नाकडे येतो. माझ्या सहकाऱ्यांनी तो मला विचारलाच. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘ही यंत्रे तर ढोलकीवाल्याचे पोट मारणारी. तुम्ही त्यांची तरफदारी करता कशी?’ प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधली वादकांची युनियन १८९३ सालची, मँचेस्टरमध्ये स्थापन झालेली. १९३० च्या आसपास बोलपट आले, तेव्हा मूकपटांपुढे वाजवणारे हजारो वादक तेथे बेकार झाले. त्या युनियनने हे भोगले होते. म्हणून १९८२ मध्ये तिच्या मध्य लंडन शाखेने, स्वर निर्माण करणाऱ्या विद्युत्-यंत्रांवर आणि ठेक्याच्या यंत्रांवर बंदी घालावी, असा ठराव केला. देशाच्या युनियनने तो स्वीकारला नाही, आणि लोक त्या शाखेला हसले. मी हसलो नाही. मी उमेदवारी केली त्या कारखान्यात एक नवे यंत्र आले आणि चौदा माणसांच्या खात्यात तीन राहिली. राहिलेल्या तिघांत मी होतो. उरलेल्या अकरांची नावे मला आजही पाठ आहेत.

पण म्हणून यंत्र फोडा असे युनियनने म्हणायचे काय? ते यंत्र कोणी आणले, कोणासाठी आणले आणि त्याने वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे विचारायचे. वादकाला काढून टाकण्यासाठी केलेले यंत्र धंद्याला नकोसे झाले, रद्दीत पडले, आणि ज्यांना वादक ठेवणे परवडणारच नव्हते अशांच्या हाती आले. त्यांनी त्यातून असा आवाज काढला, जो यंत्र बनवणाऱ्याच्याही ध्यानीमनी नव्हता. यामुळे ज्याचे काम गेले त्या ढोलकीवाल्याला न्याय मिळाला, असे मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही ध्यानात ठेवून चालावे लागते. आज त्याच युनियनमध्ये यंत्रांवर संगीत रचणारेही सभासद आहेत.

आणि यंत्र वाजते तेव्हा माणूस काय करतो, हेही या जोडीकडून समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी या प्रकारच्या संगीताचे पुष्कळ कलावंत रंगमंचावर आधी भरलेली फीत लावीत आणि हात हलवीत. ऑर्बिटलने तसे केले नाही. त्यांनी अलेसिस कंपनीची छोटी यंत्रे वापरली. स्वरांच्या आठ रांगा त्यात साठवता येत, आणि दर रांगेला एक कळ असे. रंगमंचावर कळ दाबून एखादी रांग उघडायची, दुसरी मिटायची, समोरचा जमाव कसा हलतो आहे ते पाहून एखादा तुकडा लांबवायचा, एखादा तोडायचा. त्यामुळे तीच रचना दोन रात्री सारखी होत नसे. आपल्याकडे कीर्तनकार श्रोत्यांचा कल पाहून आख्यान आवरतो किंवा पसरवतो, तसेच हे. रंगमंचावर अंधार, आणि कळा बारीक. म्हणून त्यांनी डोळ्यांच्या दोन बाजूंना दोन विजेऱ्या बसवलेले चष्मे घातले. जगभर त्यांची ओळख झालेल्या या चष्म्यांचे मूळ प्रयोजन, हाताखालचे काम दिसावे, एवढेच. खाणीत उतरणाऱ्याच्या कपाळावरचा दिवाही त्यासाठीच असतो.

१९९१ आणि १९९३ मध्ये त्यांचे पहिले दोन संग्रह निघाले. दोहोंना निराळे नाव नाही. लोक वेष्टनाच्या रंगावरून एकाला हिरवा आणि दुसऱ्याला तपकिरी म्हणतात. पहिल्यात ‘बेलफास्ट’ नावाची रचना आहे. बेलफास्ट हे त्या काळी बॉम्ब आणि बंदुकांच्या छायेतले शहर. भाऊ तेथे १९९० मध्ये वाजवून आले, आणि त्या आठवणीचे नाव त्यांनी एका शांत रचनेला दिले. तीत हिल्डेगार्ड नावाच्या बाराव्या शतकातल्या जर्मन संन्यासिनीच्या एका स्तोत्राचा, आजच्या गायिकेने गायलेला, तुकडा गुंफला आहे. आठशे वर्षांपूर्वीची ती बाई आणि हे ठेक्याचे यंत्र एकत्र ऐकले, तेव्हा या संगीताविषयीची माझी नाराजी प्रथम गेली. तोवर मला खरे म्हणजे त्याने डोकेदुखीच झाली होती.

दुसरी रचना ‘हॅल्सिऑन’, १९९२ सालची. ती त्यांनी आपल्या आईला वाहिली. हॅल्सिऑन नावाचे झोपेचे औषध होते. त्यांच्या आईला त्याची सवय जडली आणि ती काही वर्षे टिकली. ब्रिटनने १९९१ मध्ये ते औषध त्याच्या दुष्परिणामांमुळे बाजारातून काढले. हे मी का सांगतो? नाचाचे संगीत म्हणजे पोरांची नशाबाजी, असा त्या काळी ओरडा होता, आणि त्यात खोटे काहीच नव्हते असेही नाही. या मेळाव्यांत एक्स्टसी नावाच्या गोळ्या सर्रास चालत आणि त्यांनी काहींचे प्राण घेतले. पण त्याच देशात असंख्य घरांत आया डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेल्या गोळ्या घेऊन दिवस ढकलीत होत्या. त्याबद्दल कोणी ओरडत नव्हते. त्या रचनेच्या चित्रफितीत एक गृहिणी घरकाम करताना दिसते, हळूहळू भान हरपलेली. रचनेतला बाईचा आवाज उलटा फिरवलेला आहे. शब्द कळत नाहीत, गोडवा कळतो. आमच्या सभांत कामगाराच्या बायकोचा उल्लेख होतो तो संपात भाकरी पुरवणारी म्हणून. तिच्या झोपेविषयी आम्ही कधी ठराव केलेला मला आठवत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९९० मध्येच विनापरवाना मेळावे भरवणाऱ्यांचा दंड वीस हजार पौंडांपर्यंत आणि शिक्षा सहा महिने तुरुंगवासापर्यंत वाढवली गेली. मे १९९२ मध्ये मालव्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी कासलमॉर्टनच्या माळावर वीस ते चाळीस हजार लोक जमले, आणि आठवडाभर ठेका वाजत राहिला. आसपासच्या शेतकऱ्यांच्या झोपा उडाल्या, घाण झाली, त्यांचा संताप खरा होता. तेरा जणांवर खटला भरला. ते पुढे निर्दोष सुटले. पण तोवर सरकारने कायदाच बदलण्याचे ठरवले होते. पंतप्रधान जॉन मेजर, गृहमंत्री मायकेल हॉवर्ड. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी तो कायदा मंजूर झाला.

त्याचे कलम ६३ सांगते: शंभर किंवा अधिक माणसे उघड्यावर जमली, रात्री मोठ्या आवाजात संगीत वाजू लागले आणि त्याचा रहिवाशांना गंभीर त्रास होण्यासारखा असला, तर पोलिसांनी त्यांना निघून जाण्याचा हुकूम द्यावा. त्या संगीताच्या खुलाशात ठेका आला. कलम ६५ सांगते: अशा जागेच्या पाच मैलांच्या आत कोणी तिकडे निघालेला आढळला, तर त्याला वाटेत थांबवून परत पाठवता येईल. बंधुभगिनींनो, डार्टफर्डचा बोगदा आठवा. १९८४ मध्ये खाण कामगारांवर जे केले, ते दहा वर्षांनी नाचणाऱ्यांसाठी रीतसर कलमात आले. याच कायद्याने जमिनीवर शिरून एखाद्या कामात व्यत्यय आणणे हा गुन्हा केला; त्याचा बडगा शिकारीला विरोध करणाऱ्यांवर आणि रस्त्यांसाठी झाडे तोडू न देणाऱ्यांवर पडला. आणि याच कायद्याने आरोपीने चौकशीत मौन पाळले तर त्या मौनाचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावण्याची मुभा न्यायालयाला दिली. तात्पर्य, ठेका हे निमित्त. आज ज्यांची कोणाला फारशी दया येत नाही त्यांच्यावर कायदा आधी चालवून पाहायचा, ही रीत सर्वत्र एकच आहे.

१९९४ मध्ये या विधेयकाविरुद्ध लंडनमध्ये तीन मोठे मोर्चे निघाले. कलावंतांनी आपापल्या परीने उत्तर दिले. ऑटेकर नावाच्या जोडीने एकही ठेका पुन्हा तसाच येणार नाही अशी रचना केली. म्हणजे कायद्याच्या कचाट्यातून पळवाट. ऑर्बिटलने त्या वर्षी ‘आर वुइ हिअर?’ म्हणजे ‘आपण येथे आहोत का?’ या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातल्या एका आवृत्तीला त्यांनी विधेयकाचेच नाव दिले आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले. ती आवृत्ती म्हणजे सुमारे चार मिनिटांची संपूर्ण शांतता. एवढी एक रचना मी आज आपल्यापुढे कोणत्याही यंत्राशिवाय वाजवून दाखवू शकेन! पण थट्टा बाजूला ठेवू. ज्या कायद्याने मौनच संशयित ठरवले, त्याला या दोघांनी मौनाने उत्तर दिले. मी आयुष्यभर घोषणा दिल्या. याहून मोठी घोषणा मला सुचली नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या प्रसिद्ध संगीतमहोत्सवात ते वाजवायला उभे राहिले. तो महोत्सव गिटारवाल्यांचा. अंधारात चार विजेऱ्या हलताहेत आणि समोर हजारो माणसे नाचताहेत, हे दृश्य दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचले. यंत्रांचे संगीत जिवंत वाजवता येते, हे त्या रात्री पुष्कळांना पटले, असे आज तेथले लोक सांगतात. ऑगस्टमध्ये निघालेला त्यांचा तिसरा संग्रह विक्रीच्या यादीत ४ थ्या क्रमांकावर गेला. १९९६ च्या संग्रहातली एक रचना त्यांनी ग्रीनपीस संस्थेच्या फिरत्या सौरजनित्रावर, निव्वळ उन्हाच्या विजेवर, मुद्रित केली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कायदा झाल्यावर ठेका थांबला नाही, पण शेतातून उठून परवानाधारक नाचघरांत आणि कुंपण घातलेल्या महोत्सवांत गेला. दारात तिकीट आले, तिकिटामागे भांडवल आले. कायद्याने संगीत मारले नाही. फुकट जमणे तेवढे मारले. ऑर्बिटलही त्या महोत्सवांतच वाजवीत राहिले, त्यांनाही पोट होते. २००४ मध्ये भाऊ विभक्त झाले, २००९ मध्ये एकत्र आले, २०१४ मध्ये ‘आता कायमचे’ म्हणून पुन्हा फुटले आणि २०१७ मध्ये पुन्हा जुळले. दोन सभासदांच्या संघटनेत एवढी फाटाफूट होते, हे वाचून मला आमच्या चळवळीविषयी थोडा धीर आला. मधल्या काळात, २०१२ च्या ऑगस्टात, लंडनच्या पॅरालिम्पिक सोहळ्यात त्यांनी वाजवले, आणि त्यांच्या रचनेत शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा यंत्रातून निघालेला आवाज होता. ज्याचा गळा गेला त्याला यंत्राने आवाज दिला होता. यंत्र कोणासाठी, या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर दुसरे नाही. २०१८ आणि २०२३ मध्येही त्यांचे नवे संग्रह निघाले. फिल आता साठीपलीकडे आहे.

आणि ते कलम? ते अजून आहे. २००३ मध्ये शंभर माणसांची संख्या वीसवर आणली गेली. २०२२ च्या एका नव्या कायद्याने, मिरवणुकीच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून तिच्यावर अटी घालण्याचा अधिकार पोलिसांना दिला. म्हणजे १९९४ मध्ये नाचणाऱ्याच्या आवाजावर पडलेला हात २०२२ मध्ये घोषणा देणाऱ्याच्या आवाजावर पडला. नाचणारे पकडले गेले तेव्हा ज्यांना वाटले की हे आपल्याला लागू नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचायला त्याला अठ्ठावीस वर्षे लागली, इतकेच.

आपल्याकडे जमावबंदीचे कलम पूर्वी १४४ होते, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १६३ झाले. आकडा बदलला, ओळख तीच. रात्री ध्वनिवर्धक बंद करण्याचा नियम मला मान्य आहे. रात्रपाळी करून आलेल्याची झोप मी अनुभवलेली आहे. पण आवाजाचा त्रास आणि जमण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सत्तेला दुसरी गोष्ट पहिलीच्या पोटात लपवण्याची सवय असते. ब्रिटनच्या त्या व्याख्येतले ‘तेच ते ठेके’ हे शब्द एकदा आपल्या लेझमीला लावून पाहा, दिंडीतल्या टाळाला लावून पाहा. तीही त्यात बसतात. शे-दोनशे अनोळखी माणसांची पावले एका लयीत पडू लागली, की त्यांच्यात ओळख आपोआप होते. म्हणून तर ठेका धरतात, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

मला हे संगीत आवडू लागले आहे, असे मी घरी अजून सांगितलेले नाही. आपल्यालाही ते आवडावे असा माझा आग्रह नाही. एवढीच विनंती आहे: आपल्याला न आवडणाऱ्या लोकांचा, न आवडणाऱ्या कारणासाठी जमलेला मेळावा बंद होईल, तेव्हा कलमाचा मजकूर काढून वाचावा, आणि त्यात आपले नाव बसते का ते पाहावे. आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आणि ही शांतता आपण होऊन पाळलेली होती, म्हणून मी आपला अधिकच आभारी आहे.